कर्ता अध्याहृत

जेलरोडला, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या टेबलावर बासष्ट पानं येऊन पडली आहेत.
अजून न बांधलेल्या एका अणुभट्टीचा विमा.
मराठी करून हवाय, पानामागे एकशे ऐंशी रुपये,
पंधरा तारखेच्या आत.
भट्टी कुठे होणार ते कुणी सांगितलं नाही,
जिल्ह्याच्या नावाच्या जागी तीन टिंबं आहेत.

एकतीस वर्षं मी दावे तपासले.
राहुड घाटात उलटलेला ट्रक :
कांद्याच्या एकशे साठ गोण्या,
मी पोचेपर्यंत उरलेल्या एकोणीस,
आणि फॉर्मवर ‘रस्ता सफाई खर्च : निरंक’,
कारण सफाई गावानेच केली होती, पिशव्या आणून.
डांबराच्या टँकरची गोष्ट वेगळी.
चार माणसं, दोन दिवस, वाळू, खराटे,
बिल बावीसशेचं.
मी सोळाशे मंजूर केले.

आता ही रक्कम.
शून्यं पेन्सिलीच्या टोकाने मोजतो.
दोनदा मोजतो, दोनदा वेगळी येतात.

आणि शब्द.
इंग्रजीत साधाच आहे, पुसायच्या फडक्यासारखा.
मी ‘स्वच्छता’ लिहितो, तर खिडकीखाली
घंटागाडी येऊन उभी राहते, भोंगा लावून.
‘शुद्धीकरण’ लिहितो, तर कुणीतरी गोमूत्र शिंपडत येतं.
‘निर्मळ’ तर नदीकाठच्या पाट्यांवर लिहून लिहून विटलं.
खोडतो.

अकराला गजराबाई खोली झाडायला येते.
एकलहऱ्याची. तिच्याकडे सकाळी
ओट्यावर बोट फिरवलं की रेघ उठते,
कोळशाच्या राखेची, उंच चिमण्यांकडून आलेली.
लग्न होऊन आली तेव्हापासून पुसते आहे.
त्या पुसण्याचा हप्ता कुणी भरलेला नाही.
तिला विचारतो, मोठा घोळ झाला, आणि मग
तो आवरायचा, मागचं सगळं बघायचं, याला काय म्हणता?
केरसुणी न थांबवता म्हणते,
‘निस्तरणं. करतो एक, निस्तरतो दुसरा.’

लिहितो : निस्तरण खर्च.
शब्द बसतो. खुर्चीही कुरकुरत नाही.

तिला कलम सात वाचून दाखवतो.
अपघात झालाच तर विम्याचा पैसा
आधी भट्टी शांत करायला,
मग निस्तरायला,
आणि ते पुरतं होईस्तोवर
कर्ज देणाऱ्यांना छदामही नाही.
‘हे बरं केलं,’ ती म्हणते,
‘आग विझायच्या आत सावकार उंबऱ्यात नको.’
बासष्ट पानांत तिला पटलेलं एवढंच.

‘पण निस्तरणार कोण?’

मी पुन्हा बघतो.
माती खरवडली जाईल.
पाणी साठवले जाईल.
राडारोडा मोहोरबंद पिंपांत भरला जाईल.
दाबके गुरुजी सांगायचे, कर्मणी प्रयोगात
कर्ता लिहिला नाही तरी चालतं,
तो अध्याहृत असतो, आपण समजून घ्यायचा.
व्याकरणाला चाळीसपैकी मला सदतीस होते.

दुपारी टायपिंगवाल्याकडे जाताना रामकुंड लागतं.
एक कुटुंब तांब्यातून अस्थी सोडतंय,
धाकटा मुलगा पाण्यात वाकून शोधतोय, गेल्या कुठे.
म्हणतात, इथे हाडं थोड्या वेळात विरघळतात.
मी कधी घड्याळ लावून पाहिलं नाही.
पान एकेचाळीसवर एका धातूला
चोवीस हजार वर्षं दिली आहेत,
तीही निम्मा व्हायला.
पॉलिसीची मुदत बारा महिने,
नूतनीकरण एकतीस मार्चपूर्वी.

रात्री पुन्हा कलम सात.
‘खरवडली जाईल’च्या आधी पेन्सिलीने लिहितो,
कुणाकडून?
पण कंपनीला माझे प्रश्न नकोत, मजकूर हवा.
खोडरबर घेतो, घासतो.
कागद तिथे जरा पातळ होतो.

टेबलभर काळा चुरा.
फुंकर मारायला वाकतो, आणि
खालची फरशी दिसते, तिने सकाळी पुसलेली.
एकेक कण बोटाने टिपून
तळहातावर घेतो.
बराच वेळ मूठ मिटून बसून राहतो.